विहिरीवरच्या खोलीतला डबा

गावोगावी इंटरनेटची सरकारी लाईन पोचल्याचे अहवाल कंत्राटदार वर पाठवत होते. वर कुणीतरी त्यांचा नकाशा केला होता, त्यावर ठिपके होते आणि ते बहुतेक सगळे हिरवे होते. मग आणखी वर कुणाला तरी शंका आली असावी, कारण एक दिवस आमच्या इंदापूरच्या ऑफिसात आदेश आला: ठिपका हिरवा आहे तिथे लाईन खरोखर चालू आहे का, ते तालुक्याच्या माणसांनी स्वतः जाऊन बघावं. कंत्राटदाराला बरोबर नेऊ नये.

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आनंदच झाला. मी याद्या करणारी बाई. किराण्याची, औषधांची, लग्नात कुणी काय दिलं त्याची, सगळ्याची यादी असते माझ्याकडे, आणि एखादी ओळ खोडताना मला जे बरं वाटतं ते कुणाला सांगायची सोय नाही. या कामासाठी मोबाइलवर एक अ‍ॅप दिलं होतं. जागेवर जायचं, डब्याचा फोटो काढायचा, आपला फोन त्या लाईनीला जोडून एक पान उघडून बघायचं आणि मग दोनपैकी एक बटण दाबायचं: चालू किंवा बंद. तिसरं बटण नव्हतं. मला वाटलं, इतकं सरळ काम सरकारात मिळायचं नाही.

शिवाय कुतूहल होतंच. ज्या काचेच्या तारेतून जगभरचं सगळं येतं म्हणतात, ती मी पाहिली नव्हती. पहिल्याच गावात ग्रामपंचायतीच्या शिपायाने दाखवली. करंगळीएवढी काळी वायर, आणि आत केसासारखं काहीतरी. मी चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. शिपाई म्हणाला, "मॅडम, हात लावू नका, तुटलं तर तुमीच लिहाल बंद."

मी राहते बारामतीत. इंदापूरला रोजचं जाणं-येणं, त्यामुळे रस्त्यालगतची गावं मी जाता-येता उरकत होते. ज्या वस्तीची ही गोष्ट आहे ती लासुर्ण्याहून शेळगावकडे जाताना आत, कालव्याच्या चारीवर. चार घरं, सगळी एकाच भावकीतली. तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला भेंडीचा प्लॉट. ग्रामपंचायतीतून निघालेली लाईन इथपर्यंत खांबांवरून आली होती आणि तिचा डबा होता विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत. विहीर वस्तीतल्या सर्वांत वडील माणसाची. सगळे त्यांना आबा म्हणत, मग मीही म्हणायला लागले.

आबांनी करदोट्याला बांधलेली किल्ली सोडवून खोली उघडली. मोटर घुंई घुंई चालली होती. भिंतीवर स्टार्टर, त्याच्यावर फळी, फळीवर देवाची तसबीर आणि तसबिरीशेजारी तो डबा, हिरवे दिवे लुकलुकवत. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि आपट्याचं एक वाळकं पान चिकटलेलं होतं. मी बघतच राहिले, तेव्हा आबा म्हणाले, "गेल्या वर्सी दसऱ्याला स्टार्टरला लावलं, ट्रॅक्टरला लावलं. मग ह्याला बी लावलं. एकट्यालाच सोडलं तर वाईट दिसतंय."

फोन जोडला. पान चटकन उघडलं, आमच्या ऑफिसातल्यापेक्षा चटकन. फोटो काढला, 'चालू' दाबलं. आबांनी घरी नेऊन चहा पाजला, पिशवीभर भेंडी दिली आणि ही लाईन वस्तीवर आणायला आपण किती हेलपाटे घातले ते सांगितलं. कंत्राटदाराला डबा ठेवायला कुलूपबंद जागा हवी होती, ती आबांनी दिली. त्याबद्दल त्यांच्या घरचं कनेक्शन फुकट होतं. बाकी तीन घरं पैसे भरत. पण आबांच्या बोलण्यात फुकटपणाचा आनंद कमी आणि किल्लीचा जास्त होता. आसपासच्या कुठल्या वस्तीवर नाही ते आपल्या खोलीत आहे, आणि त्याची किल्ली आपल्या कमरेला.

मी ती ओळ खोडली.

पुढच्या आठवड्यात अ‍ॅपने फोटो परत पाठवला. कारण लिहिलं होतं: डब्यावरचा क्रमांक वाचता येत नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. क्रमांकावर कुंकू होतं.

पर्समध्ये ओला रुमाल घेऊन मी पुन्हा गेले. दुपारची वेळ. आबांनी किल्ली सोडवली, कुलूप काढलं. आत शांत. मोटर बंद होती, आणि डबासुद्धा. एकही दिवा नव्हता. मला वाटलं, फ्यूज गेला असेल. वायरी बघितल्या. डब्याची वायर सरळ मोटरच्या बोर्डात गेली होती.

"आबा, बिघडलं वाटतं."

"न्हाय, बिघडतंय कशानं? रातची पाळी हाय न्हवं ह्या आठवड्यात."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू उलगडलं. विहिरीवरची वीज शेतीच्या डीपीवरून, म्हणजे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून येते. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वीज आली की मोटर सुरू होते, आणि मोटरबरोबर डबाही. वीज गेली की दोन्ही गप्प. गेल्या खेपेला मी आले तो दिवसाच्या पाळीचा आठवडा होता. घरांत दिवे होते, पंखे फिरत होते, कारण घरांची लाईन वेगळी, गावठाणाची. फक्त डबाच उसाच्या वेळापत्रकावर चालत होता.

मी विचारलं, हे असं किती दिवस चाललंय? आबांना प्रश्नच विचित्र वाटला. पहिल्यापासून. कुणी तक्रार केली नाही? कशाची करायची? त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं: कालव्याचं पाणी आवर्तनाने येतं, वीज पाळीने येते, तसं नेटही पाळीने येतं. सरकारचं जे जे वस्तीवर येतं ते पाळीनेच येतं. चोवीस तास मिळणारी एखादी गोष्ट त्यांनी पाहिलीच नव्हती, मग हीच का वेगळी असावी?

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. मला हसू येत होतं आणि त्याचबरोबर त्यांच्या म्हणण्यात काही चूक काढता येत नव्हती. चारही घरांनी आपली कामं त्याप्रमाणे लावून घेतली होती. दिवसाच्या आठवड्यात पोरं ऑनलाइन क्लास बघत, रात्रीच्या आठवड्यात माणसं पाणी धरायला जाताना बांधावर मॅच बघत. जिल्ह्याहून कधी चौकशीचा फोन आला की आबा सांगत, चालू हाय. खोटं एका अक्षराचंही नव्हतं. नकाशावरचा ठिपका हिरवा होता तो या खऱ्यावर.

मग मी फळीकडे वळले. रुमाल माझ्या हातात तसाच होता. क्रमांक पुसायला आले होते, तो पुसला, फोटो काढला. प्रश्न बटणाचा होता.

आम्ही घराकडे निघालो तेव्हा ओसरीवर एक तरुण बाई भेंडी निवडून क्रेटमध्ये भरत होती. आबांची सून. लग्न होऊन तीनेक वर्षं झाली असावीत. मी कोण, कशासाठी आले ते आबांनी सांगितलं, तशी ती हात पुसत उठली आणि सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही काय लिहिलंत?"

अजून काही लिहिलं नाही, मी म्हटलं.

तिने चहा टाकता टाकता सांगितलं ते थोडक्यात असं. लग्नाआधी ती पुण्यात एका कंपनीत विम्याचे दावे तपासायचं काम करत होती. दवाखान्याची बिलं, डॉक्टरांचे कागद, सगळं पडद्यावर बघून मंजूर-नामंजूर सुचवायचं. लग्न ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, काम सोडणार नाही. घरून करायची परवानगी मिळाली. वस्तीवर लाईन आहे म्हटल्यावर दोन्हीकडची माणसं खूश झाली. दिवसाच्या आठवड्यात सगळं ठीक चालायचं. रात्रीच्या आठवड्यात ती रात्री जागून काम करायची, डब्याला जवळ म्हणून कधी मोटरच्या खोलीत पालथ्या क्रेटवर बसून. मोबाइलची रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यात, तीही बोलण्यापुरती. आता कंपनीने सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून काम दिवसाच, सगळ्यांबरोबर. दिवसाची लाईन नसेल तर पुण्यात येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या.

डबा दुसऱ्या जागी हलवला की प्रश्न मिटणार होता. अंगणवाडी चारीच्या पलीकडेच होती आणि तिला गावठाणाची वीज होती. कंत्राटदाराला तिने तसं सुचवलंही होतं. त्याने सांगितलं, हलवायला वरून मंजुरी लागते, आणि वर तर तुमचं चालू दिसतंय. तिने तक्रार नोंदवली. तक्रारीची खात्री करायला फोन आला तो आबांच्या नंबरावर, कारण जागा आबांच्या नावावर. आबांनी सांगितलं, चालू हाय. तक्रार बंद झाली.

हे ती आबांच्या देखत सांगत होती, पण त्यांच्याकडे न बघता. आबा चपलेने अंगणातलं एक ढेकूळ फोडत होते.

"मग बंद लिहायला सांग मॅडमला," ते शेवटी म्हणाले. "खालच्या वस्तीचा डबा असाच उचलून न्हेला. बंद हाय म्हनून लिहिलं, आन् एक दिवस जीप आली. आता तितं भिंतीला नुसतं भोक हाय."

"आबा, मी लिहायला सांगत नाही. मी विचारलं, काय लिहिलंत," सून म्हणाली.

मला दोघांनाही काही आश्वासन देता येईना. बंद लिहिलं तर डबा हलवण्याची मंजुरी मिळू शकते, किंवा डबा अजिबातच जाऊ शकतो. दोन्ही झालेलं मी ऐकलं होतं. चालू लिहिलं तर सगळं आहे तसं राहील आणि पुढच्या महिन्यात ही मुलगी बॅग भरेल. आणि बंद म्हणणं तरी खरं होतं का? रात्री दहानंतर येऊन बघितलं असतं तर सगळे हिरवे दिवे लागलेले असते.

मी अ‍ॅपमध्ये 'बंद' दाबलं. समोर जे दिसलं ते लिहायचं, असा आदेश होता. शेऱ्यात लिहिलं: शेतीच्या विजेवर जोडलेले आहे, एक आठवडा दिवसा चालू, एक आठवडा रात्री. आबांना वाचून दाखवलं. निघताना त्यांनी गेल्या खेपेसारखी भेंडी दिली नाही, ते मात्र माझ्या लक्षात आलं.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या ऑफिसातून एका तरुण साहेबांचा फोन. मॅडम, एकाच ठिकाणी तुमचं आधी चालू, मग बंद, कंत्राटदाराचं चालू. मी शेरा वाचा म्हटलं. ते म्हणाले, शेरा वाचला, गमतीदार आहे, पण शेरा मोजणीत येत नाही. अहवाल जुळत नसले की नियम असा की लाभार्थ्याला फोन लावायचा आणि तो सांगेल ते धरायचं. मी विचारलं, फोन कधी लावणार? ते म्हणाले, गुरुवारी दुपारी. मी विचारलं, मी तिथे असले तर चालेल का? ते म्हणाले, असा, पण बोलायचं नाही.

तो आठवडा अजून रात्रीच्या पाळीचाच होता.

गुरुवारी मी गेले. तिथे माझं काम काहीच नव्हतं, यादीत तसं काही लिहिलेलंही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं की काय होतं. ओसरीवर सून होती, भेंडीचे क्रेट होते. घरात एका कोपऱ्यात एक बॅग उभी करून ठेवलेली दिसली. आबा रेंजच्या कोपऱ्यात पाटावर बसले होते, समोर फोन. ते फोन नेहमी स्पीकरवर लावत आणि आरशात बघावं तसा तोंडासमोर धरत.

फोन वाजला. साहेबांनी नाव, गाव विचारून घेतलं. मग विचारलं, "तुमच्याकडे इंटरनेटची लाईन चालू आहे का?"

"हाय," आबा म्हणाले.

सून भेंडी निवडत होती ती निवडतच राहिली. मी जमिनीकडे बघितलं.

"म्हणजे चालू लिहू?"

आबांनी विहिरीकडे बघितलं. पलीकडून हॅलो, हॅलो झालं.

"हाय, पन आत्ता न्हाय," आबा म्हणाले. "रातची पाळी हाय. मोटर चालू झाली की येतंय."

"काका, मला चालू किंवा बंद एवढंच लिहायचंय."

"मग ऐका सायेब. शेतीला दिसा लाईट द्या म्हनून आमी तहसीलवर जाऊन बसलो हुतो. उन्हात. साप-इच्चू असत्यात, मानसानं रातचं पानी किती दिवस धरायचं म्हनून. बराबर हाय का न्हाय?"

"बरोबर आहे."

"मग आमची सून तेच मागती. तिला बी दिसाच पायजे. मी तहसीलवर बसायचं आन् तिला रातची मोटरच्या खोलीत बसवायची, हे काय मला जुळना. तुमी लिवा बंद."

पलीकडे कीबोर्डचा टकटक आवाज आला. साहेब म्हणाले, बंद लिहितोय, पण एखादे वेळी काही दिवस लाईन पूर्ण थांबेल, चालेल ना? आबा म्हणाले, चालतंय. मग त्यांनी फोन ठेवला, करदोट्याची किल्ली उगाच चाचपून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाय. आज भेंडी बी न्या."

सुनेने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेली. कपबशांचा आवाज बराच वेळ आला, लागतात त्यापेक्षा जास्त कपबशांचा.

याच्यापुढे सगळं छान झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं असं की ठिपका लाल झाला आणि लाईन खरंच थांबली, दिवसाही आणि रात्रीही. कंत्राटदाराचं आणि जिल्ह्याचं काहीतरी पत्रापत्रीचं चाललं होतं. महिना उलटला आणि सून बॅग घेऊन पुण्याला गेली, बहिणीकडे राहून ऑफिसात जाऊ लागली. मी एकदा वाटेत म्हणून वस्तीवर डोकावले तेव्हा आबा एकटेच भेंडी निवडत होते. भावकीतली माणसं त्यांना टोचत होती. शेजारच्या घरातले त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, बांधावरून माझ्यासमोरच म्हणाले, "मॅडम, आमच्या आबांनी एकदाच खरं बोलून बघितलं, आन् आमची सगळी म्याच गेली."

आबा म्हणाले, "म्याच बघून तुमी कंचं शतक मारताय तात्या?"

मी जीप येऊन डबा नेते की काय या काळजीत होते. ऑफिसच्या यादीत ती ओळ खोडलेली होती, माझ्या घरच्या यादीत ती उघडी होती, डाळ-तांदळाच्या खाली: वस्तीचा डबा. आठवड्यातून एकदा मी साहेबांना फोन करून विचारत असे. ते कंटाळले असतील, पण कधी चिडले नाहीत. एकदा तेच म्हणाले की तुमच्या त्या शेऱ्यानंतर मी बाकीच्या तालुक्यांतल्या विहिरींवरच्या डब्यांचं बघायला लागलोय. किती निघाले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण विचारायला हवं होतं असं नंतर वाटलं.

दिवाळीच्या जरा आधी जीप आली. डबा नेला, पण चारी ओलांडून अंगणवाडीच्या भिंतीपर्यंतच. आबांनी स्वतः तो फळीवरून काढून दिला, असं मला नंतर कळलं. अंगणवाडीची किल्ली सेविकेकडे असते. आबांचं कनेक्शन आता फुकट नाही.

माझी तपासणी अजून चालू आहे. अ‍ॅपमध्ये अजून दोनच बटणं आहेत. पण मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला आहे: केव्हा? प्रत्येक ठिकाणी विचारते, लाईन येते तर केव्हा येते, आणि डब्याची वायर कुठे गेली आहे ते वाकून बघते. माणसं हसतात. एका गावात डबा पिठाच्या गिरणीच्या बोर्डावर निघाला. गिरणी मंगळवारी बंद असते.

परवा इंदापूरला ऑफिसात दुपारी डबा खात होते तेव्हा फोनवर निरोप आला. आबांच्या सुनेचा. फोटो होता: ओसरी, तिचा उघडा लॅपटॉप, बाजूला भेंडीचे क्रेट, आणि मागे लांब विहिरीवरची खोली, दार बंद. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ह्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. मोटर बंद आहे."

वेळ बघितली. दुपारचा दीड वाजला होता. मी हात धुतले आणि घरची यादी काढली.